आमच्या रायवळ आंब्यावर समुद्र गरुडाचं घरटं आहे, झाड वाचवायचंय. मदत हवी

सुरंगी | १२ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी.

देवगड तालुक्यात, खाडी समुद्राला मिळते तिथून जवळ, आमचं मूळ घर आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. घरामागे कुंपणापाशी जमीन खाडीकडे उतरते, तिथे एक जुना रायवळ, म्हणजे कलम न केलेला, कोयीपासून वाढलेला आंबा आहे. खोड दोघांच्या कवेत मावत नाही. आंबे आता फारसे धरत नाहीत, धरलेच तर माकडं ठेवत नाहीत.

या आंब्याच्या वरच्या बेचक्यात एक घरटं आहे. मी सातवीत असताना ते पहिल्यांदा पाहिलं, आता माझी मुलगी सातवीत आहे. दरवर्षी त्यावर नव्या काटक्या चढतात. खालून पाहिलं तर कुणीतरी गवताची उडवी उचलून झाडावर ठेवली असावी असं वाटतं.

घरटं समुद्र गरुडाचं. डोकं, मान, छाती, पोट सगळं पांढरंशुभ्र, पाठ राखाडी. आजी त्याला नुसतं 'गरुड' म्हणायची. पहाटे त्यांची जोडी एकमेकांना साद घालायची. बदक घशातून ओरडावं तसा, पण कितीतरी मोठा आवाज. तो आला की आजी आम्हाला हलवायची, "गरुड उठले, तू कधी उठतलंस?"

आता अडचण सांगते. सातबाऱ्यावर पाच नावं आहेत. दोन चुलत भावांना त्यांचा हिस्सा मोकळा करायचाय, आणि त्याआधी आंबा लाकडाला द्यायचं ठरतंय. दिवाळीत आम्ही गावी असतानाच एक व्यापारी येऊन गेला. त्याच्या माणसाने खोडाला दोरी गुंडाळून घेर मोजला. मी वर पाहिलं तर घरट्याच्या कडेवरून एक पांढरं डोकं खाली बघत होतं. व्यापाऱ्याला दाखवलं, तर म्हणाला, "ताई, पाखरू दुसरं झाड बघील."

खरंच बघतं का? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा. आणि झाड तोडू नये म्हणून काय करता येईल?

खाडीकाठी | १२ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

ताई, आधी एक सांगा. पक्षी घरट्यात नुसता उभा असतो, की बसलेला असतो? दिवसातून दोन-तीनदा वेगवेगळ्या वेळी बघून फक्त डोकंच दिसत असेल तर मादी अंड्यांवर बसली आहे असं धरा. आपल्या किनाऱ्यावर पावसाळा सरला की ही जोडी घरट्याची डागडुजी काढते आणि हिवाळ्यात वीण होते. अंडी बहुधा दोन. उबवायला साधारण सहा आठवडे. पिल्लू उडायला त्यानंतर आणखी दोन ते अडीच महिने. म्हणजे आज अंडी असतील तर मार्चपर्यंत त्या झाडाला हात लागता कामा नये.

"दुसरं झाड बघील" हे मी पंचवीस वर्षं ऐकतोय. या पक्ष्याला घरट्यासाठी कसलं झाड लागतं ते बघा. पाण्याजवळ हवं, आजूबाजूच्या झाडांपेक्षा उंच हवं, म्हणजे थेट झेप घेता येते आणि दूरवरचं पाणी दिसतं. वर क्विंटलांचा भार पेलेल असा बेचका हवा. आणि खाली वर्दळ नको. असं झाड तयार व्हायला पन्नास-साठ वर्षं जातात. कोकणात मला ही घरटी आंब्यावर, वडावर, सातवणीवर आणि सुरूवर दिसली आहेत. त्यातले आंबे बहुतेक रायवळच. कलमाचं झाड ठेंगणं, त्याचा काय उपयोग?

एक जोडी तेच घरटं वर्षानुवर्षं वापरते. कधी जवळपास दुसरं बांधून ठेवते आणि आलटून पालटून वापरते. झाड गेलं आणि हाकेच्या अंतरावर दुसरं तसलं झाड असेल तर जोडी टिकते. नसेल तर त्या खाडीवरून गरुड जातो. माझ्या गावच्या खाडीवर हेच झालं. वडाचं झाड रस्त्यात गेलं त्या वर्षी जोडी तीन-चार महिने तिथल्या तिथे घिरट्या घालत होती, विजेच्या खांबावर काटक्या आणून ठेवायची, वाऱ्याने त्या पडायच्या. पुढच्या वर्षी आली नाही. अजून नाही.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सोबत्यांनी, आपल्या किनाऱ्यावर गावोगाव फिरून या गरुडाची घरटी शोधून नोंदवली आहेत. वेळासच्या कासवांमुळे संस्था सगळ्यांना माहीत झाली, पण गरुडाचं काम त्याआधीचं. त्यांच्याशी बोलाच.

पाखरवेडी | १२ नोव्हेंबर, दुपारी ३:०२

किती सुंदर लिहिलंय सुरंगी! आवाजाचं वर्णन वाचून मला आमच्या श्रीवर्धनची सकाळ आठवली.

एक शंका. आमच्याकडे जेट्टीवर तांबूस अंगाची, पांढऱ्या डोक्याची घार खूप दिसते. तिलाही सगळे समुद्र गरुडच म्हणतात. ती वेगळी ना?

खाडीकाठी | १२ नोव्हेंबर, दुपारी ४:४८

ती ब्राह्मणी घार. अंग विटकरी, डोकं आणि छाती पांढरी. आकाराने आपल्या नेहमीच्या घारीएवढी. समुद्र गरुड तिच्याशेजारी बसला तर फरक विचारावा लागत नाही. पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन मीटरच्या आसपास. मादी नराहून मोठी.

उडताना खालून बघा. पोट आणि पंखांची पुढची पट्टी पांढरी, मागची पिसं काळी, शेपूट आखूड आणि पाचरीसारखी. तरंगताना पंख वर उचलून इंग्रजी व्ही अक्षरासारखे धरतो. हे एकदा डोळ्यांत बसलं की अर्ध्या मैलावरून ओळखाल.

पिल्लांमुळे गोंधळ होतो. ती तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची असतात आणि आई-बापासारखा रंग यायला चार-पाच वर्षं लागतात. त्यामुळे "खाडीवर वेगळाच तपकिरी गरुड दिसला" असे फोन मला दरवर्षी येतात.

पूर्वविदर्भ | १२ नोव्हेंबर, रात्री ९:२०

आमच्याकडे समुद्र नाही, तरी विचारतो. हिवाळ्यात धरणावर एक पक्षी येतो. वरून तपकिरी, खालून पांढरा, डोळ्यावरून काळी पट्टी. पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि मग पाय पुढे करून दाणकन पाण्यात पडतो. अर्धा बुडतो चक्क! हा त्याच घराण्यातला का?

खाडीकाठी | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

तो कैकर. काही जण मीनखाई घार म्हणतात. हिवाळी पाहुणा, उन्हाळा लागला की उत्तरेला परत. उजनी, जायकवाडी, नांदूर मध्यमेश्वर इथेही येतो. त्याचं कूळ वेगळं आहे आणि तो जवळपास निव्वळ माशांवर जगतो. पंजाचं बाहेरचं बोट मागे वळवता येतं, त्यामुळे दोन बोटं पुढे, दोन मागे अशी पक्की पकड बसते. तळव्यावर बारीक काटे असतात, निसरडा मासाही सुटत नाही. मासा नेताना त्याचं तोंड उडण्याच्या दिशेला धरतो, बघा पुढच्या वेळी.

समुद्र गरुड असा बुडत नाही. तो पाण्यालगत तिरका येतो, पाय खाली सोडतो आणि पृष्ठभागावरचं भक्ष्य उचलून तसाच पुढे जातो. मासे खातो, पण तेवढ्यावर थांबत नाही. समुद्रसाप त्याच्या विशेष आवडीचे. शिवाय पाणपक्षी, वटवाघळं, किनाऱ्याला लागलेलं मेलेलं काहीही. कैकराच्या किंवा ब्राह्मणी घारीच्या पायातला मासा हिसकावतानाही मी पाहिलाय.

रापणकर | १३ नोव्हेंबर, सकाळी ११:०५

समुद्रसापांचं अगदी बरोबर. मी मालवणचा. वडील रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, जायचे, मीही शाळा सुटेपर्यंत रापण ओढली आहे. जाळ्यात मासळीबरोबर समुद्रसाप यायचेच, अजूनही येतात. विषारी असतात, म्हणून शेपटीला धरून लांब भिरकावून द्यायचे. त्यातला एखादा वाळूवर वळवळत राहिला की गरुड कुठून यायचा कळायचं नाही. माणसं शंभर पावलांवर आणि हा साप उचलून सुरूंच्या वर. खाली लोंबणारा साप मध्येच वळून पायाला विळखा घालायचा, पण गरुडाचं त्याकडे लक्षच नसायचं.

वडील आकाशाकडे बघून मासळीचा अंदाज बांधायचे. घारी, समुद्रपक्षी आणि त्यांच्यावर हा असला की म्हणायचे, "तारली वर इली, होडी काढा." गरुड एकटाच फिरत असला तर होडी काढायचे नाहीत. आता तारलीचा भरवसा राहिला नाही, बारीक आसाची (छिद्रांची) जाळी आणि मोठ्या बोटी किनाऱ्याला येतात, त्याबद्दल बोलायला गेलो तर धागा दुसरीकडे जाईल. पण झाड वाचवलं आणि खाडीत मासाच उरला नाही, तर तो गरुड काय खाणार, हेही मनात ठेवा.

सुरंगी | १३ नोव्हेंबर, दुपारी १:३०

@खाडीकाठी, मादी बसलेलीच असते. शेजारच्या काकूंना रोज बघायला सांगितलंय, त्यांचाही तोच निरोप.

@रापणकर दादा, तुमचं वाचून एक गोष्ट आठवली. लहानपणी आम्ही आंब्याखाली 'मणी' वेचायचो. पांढरे, खडबडीत, मध्ये भोक असलेले. दोऱ्यात ओवून बाहुलीला घालायचो. परवा मुलीला तेच सापडले आणि तिने शाळेतल्या बाईंना फोटो पाठवला. बाई म्हणाल्या, सापाच्या पाठीचे मणके आहेत. म्हणजे तीस वर्षांपूर्वी आमच्या बाहुल्यांच्या गळ्यात समुद्रसाप होते!

बकुळ | १३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:५०

सुरंगी, कायद्याचं काम करते म्हणून तेवढं लिहिते. दोन वेगळे कायदे तुमच्या बाजूने आहेत.

पहिला झाडाचा. महाराष्ट्रात झाडतोडीचं नियमन करणारा १९६४ चा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत आंबा आहे. साग, फणस, जांभूळ, चिंच, मोह, हिरडा हेही आहेत. तेव्हा स्वतःच्या मालकीच्या जमिनीतला आंबाही परवानगीशिवाय तोडता येत नाही. सामायिक सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे, तुमची संमती नाही, हे लेखी द्या.

दुसरा पक्ष्याचा, आणि तो जास्त भक्कम आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात समुद्र गरुड पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. त्या कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या नीट वाचा. बंदूक चालवणं एवढाच तिचा अर्थ नाही. पक्ष्याची अंडी खराब करणं, अंडी किंवा घरटं विस्कटणं हेही त्यात येतं. अंड्यांवर मादी बसलेली असताना झाडाला करवत लावली तर तो या कायद्याखाली गुन्हा होतो.

अर्ज तुमच्या भागातल्या वनक्षेत्रपालांच्या नावे करा. गट क्रमांक, झाडाचं ठिकाण, तारखेसह घरट्याचा फोटो, आणि दोन साक्षीदार. काकूंचं नाव चालेल. पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका. एक प्रत ग्रामपंचायतीला आणि एक त्या व्यापाऱ्याला. माझ्या अनुभवात व्यापाऱ्याला दिलेली प्रत सगळ्यात लवकर काम करते.

पण वीण झाल्यावर, एप्रिल-मे महिन्यात घरटं रिकामं असताना परवानगी मागितली जाऊ शकते. त्याची तयारी आत्तापासून ठेवा. आणि घरटं सुरूवर असतं तर पहिला कायदा उपयोगी पडला नसता, सुरू त्या यादीत नाही.

दुर्बीण | १३ नोव्हेंबर, रात्री १०:१०

नक्की कुठे आहे हे घरटं? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करता का? आमचा चार जणांचा ग्रुप डिसेंबरात सिंधुदुर्गात येतोय. ड्रोनने वरून घरट्यातले फोटो मिळाले तर तुमच्या अर्जालाही जोडता येतील.

खाडीकाठी | १३ नोव्हेंबर, रात्री १०:४५

दुर्बीण, तुमचा हेतू चांगला आहे, म्हणून मोकळेपणी सांगतो. कृपया हे करू नका. ड्रोन वर गेला की मादी अंड्यांवरून उठते. ती उठली की दहा मिनिटांत कावळे येतात. ते नाही आले तरी उघड्यावर पडलेली अंडी उन्हात तापतात. वीण सुरू असताना त्रास झाला तर ही जोडी अंडी टाकून जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका खाजगी रिसॉर्टच्या सुरूबनात पाहुण्यांना घरटं दाखवायला खालीच बाकडी टाकली होती. त्या मोसमात पिल्लू झालं नाही.

अर्जाला लांबून काढलेला मोबाइलचा फोटो पुरतो. ताई, तुम्ही गावाचं नाव लिहिलं नाहीत ते फार बरं केलंत. व्यनितही देऊ नका.

दुर्बीण | १३ नोव्हेंबर, रात्री ११:२०

पटलं. कावळ्यांचं माहीत नव्हतं. ड्रोन घरीच राहील.

दक्षिणवारा | १५ नोव्हेंबर, पहाटे ४:५५

सिडनीहून लिहितोय. तुमचा गरुड आमचाही आहे! अगदी तीच जात. मुंबईच्या दक्षिणेपासून भारताचा किनारा, श्रीलंका, आग्नेय आशिया करत ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली. मी मूळचा रत्नागिरीचा, इथे पॅरामॅटा नदीच्या काठी राहतो. सिडनी ऑलिम्पिक पार्कमधल्या राखीव रानात समुद्र गरुडाची जोडी घरटं करते. चहूबाजूंनी महानगर, पलीकडे स्टेडियम, खाली तिवरं.

घरट्याजवळ जायला लोकांना बंदी आहे. झाडावर कॅमेरा बसवलाय आणि जगभरातून माणसं ते घरटं थेट बघतात. इथला हिवाळा जून-जुलैत, म्हणून अंडी तेव्हा. ऑक्टोबरच्या सुमारास पिल्लू उडतं. तुमच्याकडे मादी बसायला लागते तेव्हा आमच्याकडे घरटं रिकामं होत असतं. माझी आई रत्नागिरीत मोबाइलवर सिडनीचं घरटं बघते आणि मी इथे बसून तिला विचारतो, आपल्या भाट्याच्या खाडीवर दिसला का गं? बहुतेक वेळा "नाही" म्हणते.

या कॅमेऱ्यामुळे मला एक गोष्ट बघायला मिळाली. अंडी असताना आणि पिल्लं लहान असताना जोडी घरट्यात हिरवी पानं आणत राहते. एकदा मादीने चोचीत डहाळी आणली, घरट्याच्या एका कडेला ठेवली, मान तिरकी करून पाहिलं, उचलली, दुसऱ्या कडेला ठेवली. मग परत उचलून पहिल्या जागी. नर मासा घेऊन आला तरी तिचं ते चालूच. आई फोनवर म्हणाली, "अगदी माझ्यासारखी आहे रे, गणपतीच्या आराशीच्या वेळी."

दुसरी गोष्ट वाईट वाटणारी. पिल्लू पहिल्यांदा उडालं की इथले करावाँग नावाचे कावळ्यासारखे पक्षी त्याच्या मागे लागतात आणि रानाबाहेर शहरात हुसकतात. पिल्लू रस्त्यावर, गच्चीवर सापडतं, मग त्याला पकडून उपचार करावे लागतात. झाड शिल्लक आहे, पण झाडाभोवतीचं रान फार लहान उरलंय. तुमच्याकडे अजून आंब्याभोवती मोकळी खाडी आहे. तेवढी तरी राहू दे.

पाखरवेडी | १५ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

डहाळीचं वर्णन वाचून डोळ्यांत पाणी आलं.

सिंगापूरच्या जुन्या दहा हजार डॉलरच्या नोटेवर हाच गरुड होता, हे मावशीकडून कळलं होतं. आपल्याकडे किती जणांना त्याचं नाव तरी माहीत आहे?

रापणकर | १५ नोव्हेंबर, दुपारी २:१५

गोव्याच्या खाली, कर्नाटकात मुरुडेश्वरसमोर नेत्राणी बेट आहे. तिथे जाऊन आलेल्या खलाशांकडून ऐकलंय की बेटभर या गरुडांची घरटी. कुणी सांगेल का?

खाडीकाठी | १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:४०

बरोबर ऐकलंय. हा पक्षी एरवी जोडीने आपली हद्द राखून राहतो, दुसऱ्या जोडीला जवळ येऊ देत नाही. नेत्राणीवर मात्र घरट्यांची वसाहत. पक्षीअभ्यासक ए. ओ. ह्यूम १८७५ मध्ये पश्चिम किनाऱ्याच्या सफरीवर होते, त्यांनीही त्याची नोंद केली आहे. तेव्हा नाव पिजन आयलंड. पुढे नौदलाने ते बेट तोफांच्या सरावासाठी वापरलं. किनाऱ्यावरच्या पक्षीमित्रांनी त्याविरुद्ध बरीच वर्षं आवाज उठवला.

मला वाटतं, बेटावर माणूस नाही आणि चहूकडे मासा आहे, म्हणून ते एकमेकांना सहन करत असावेत.

सुरंगी | २ डिसेंबर, रात्री ९:००

मंडळी, उशीर झाला, माफ करा. अर्ज दिला. पहिल्या दिवशी पोच मिळाली नाही, "साहेब नाहीत" म्हणाले. बकुळने सांगितलं होतं म्हणून बसून राहिले, चार वाजता शिक्का मिळाला. आठवड्याने वनरक्षक येऊन झाड बघून गेले. तरुण मुलगा होता. दुर्बिणीतून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, माझ्या बीटमध्ये (गस्तीच्या हद्दीत) हे तिसरं घरटं, दुसरं गेल्या वर्षी पडलं. पंचनामा झाला. व्यापाऱ्याचा फोन येणं बंद आहे.

चुलत भावांशी बोलणं जास्त अवघड गेलं. धाकटा म्हणाला, तू मुंबईत बसून पाखरांची काळजी करतेस, माझ्या मुलाची फी कोण भरणार? त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही. रायवळ आंब्याचं लाकूड हापूसच्या पेट्यांना जातं, तेवढाच पैसा त्याला त्या झाडातून दिसतो. मी आणि बहिणीने त्याच्या हिश्श्याच्या लाकडाची किंमत द्यायची तयारी दाखवली आहे. तो अजून हो म्हणालेला नाही.

बकुळ | २ डिसेंबर, रात्री ९:३५

जे ठरेल ते तोंडी ठेवू नका. झाड आणि त्याभोवतीची पाच-सात गुंठे जागा वाटपात तुमच्या हिश्श्याला येईल असं बघा. जमीन पुढे विकली गेली तर नवा मालक तोंडी शब्द पाळणार नाही.

सुरंगी | २६ जानेवारी, दुपारी १२:१०

पिल्लू आहे! एकच दिसतंय. काकूंनी फोन केला, "पांढऱ्या कापसाचा गोळा मान वर काढता." काल आम्ही सगळे गेलो, तो धाकटा भाऊही मुलाला घेऊन आला. पडवीतूनच बघायचं असं ठरवून घेतलं होतं.

दहाच्या सुमारास अंगणात सावली पडली, एवढी मोठी की मुलं दचकून वर बघायला लागली. नर खाडीकडून आला, पायात लांबट चंदेरी मासा, टोळ असावा. घरट्यावर उतरला आणि लगेच निघून गेला. मादीने मासा पायाखाली धरला आणि चोचीने अगदी बारीक तुकडे काढून पिल्लाला भरवायला लागली. एवढी मोठी बाकदार चोच, आणि तुकडा किती? नखाएवढा. पिल्लाने तोंड फिरवलं की थांबायची, परत पुढे करायची.

भावाचा मुलगा दुर्बीण सोडायलाच तयार नव्हता. जेवायला हाका मारल्या तर म्हणाला, "बाबा, तिचं भरवून होऊ दे ना."

भाऊ काही बोलला नाही. संध्याकाळी निघताना त्याने विचारलं, मोजणी करून घ्यायची तर तारीख कधीची मिळेल?

खाडीकाठी | २६ जानेवारी, दुपारी १:००

ताई, वाचून फार बरं वाटलं. आता पिल्लू घरट्याच्या कडेला येऊन पंख मारायला लागेल, तेव्हा काकूंना सांगा, खाली कुत्री मोकळी सोडू नका. पहिल्या उड्डाणात कधी कधी जमिनीवर येतं. आलं तर उचलू नका, लांबून लक्ष ठेवा आणि त्या वनरक्षकाला कळवा. आई-बाप जमिनीवरही भरवतात.

मोजणीचा अर्ज उद्याच टाका.